न फुटणाऱ्या सॉसेजची गोष्ट

बोटॉक्स म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कपाळावरच्या आठ्या घालवणारं इंजेक्शन, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या नावाची फोड मात्र फारशी कुणी केलेली नसते. लॅटिन भाषेत 'बोट्युलस' म्हणजे सॉसेज. सॉसेज खाऊन होणारा आजार तो 'बोट्युलिझम', त्या आजारातलं विष ते 'बोट्युलिनम टॉक्सिन' आणि त्याचंच आखूड केलेलं व्यापारी नाव म्हणजे बोटॉक्स. थोडक्यात, लोक पैसे मोजून कपाळात जे टोचून घेतात, त्याचं शब्दशः नाव 'सॉसेजचं विष' असं आहे.

हे नाव पडलं त्यामागे दोनशे वर्षांपूर्वीच्या दक्षिण जर्मनीतली एक गोष्ट आहे. तिच्यात उपासमारीनं गांजलेलं एक राज्य आहे, एक वजनदार प्राध्यापक आहे, कविता करणारा एक तरुण डॉक्टर आहे आणि जिची नावं कुठेच नोंदलेली नाहीत अशा हजारो बायकांची स्वयंपाकघरं आहेत. या सगळ्यांना एकाच प्रश्नानं बांधून ठेवलं होतं. सॉसेज उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायचं?

फ्रीजरमधलं पाकीट कात्रीनं उघडून आपण गॅस पेटवतो, तेव्हाही प्रश्न हाच असतो.

डुकराच्या पोटातली बेगमी

सॉसेज हा मुळात चवीचा पदार्थ नव्हे, साठवणीचा. युरोपातला शेतकरी हिवाळ्याच्या तोंडाशी डुक्कर मारायचा. एवढं मांस एका कुटुंबाला आठवड्यात संपणं शक्य नाही आणि फ्रीज तर नाहीच. मांड्या मिठात मुरवून हॅम व्हायचं. उरलेले तुकडे, चरबी, काळीज, रक्त यातलं काही फेकणं परवडणारं नव्हतं. ते बारीक करून, मीठमसाला घालून त्याच जनावराच्या आतड्यात भरायचं, उकळायचं आणि मग चुलीच्या धुरात टांगून ठेवायचं. ही युक्ती फार जुनी आहे. होमरच्या 'ओडिसी'त झोप न येऊन तळमळणाऱ्या नायकाला विस्तवावर उलटसुलट केल्या जाणाऱ्या, रक्त आणि चरबी भरलेल्या पोटाची उपमा दिली आहे. ते सॉसेजच.

वुर्टेंबर्ग या जर्मन राज्यात आतड्याच्या जोडीनं डुकराचं आख्खं पोटही भरत असत. गोष्टीतली पहिली गोम इथेच आहे. उष्णता मांसातून हळूहळू आत शिरते, आणि जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. बोटाएवढं सॉसेज काही मिनिटांत आतपर्यंत शिजतं. डोक्याएवढं भरलेलं पोट बाहेरून रटरटत असलं तरी मधोमध कोमटच राहू शकतं. धुराचंही तसंच, तो वरच्या थरापलीकडे फारसा जात नाही.

१७९३ साली विल्डबाड नावाच्या गावात अशाच भरलेल्या पोटाच्या सॉसेजमधून १३ जण आजारी पडले. त्यातले सहा दगावले. अशा घटना पुढेही घडत राहिल्या आणि १८०२ मध्ये श्टुटगार्टच्या सरकारनं धुरी दिलेल्या रक्ताच्या सॉसेजपासून सावध राहण्याचं जाहीर पत्रक काढलं. पण पत्रकानं भूक भागत नाही. नेपोलियनच्या लढायांनी खेडी आधीच धुऊन निघाली होती. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्याच्या राखेनं पुढच्या वर्षीचा युरोपातला उन्हाळाच गिळला. पिकं शेतात कुजली. परिस्थिती काय होती, ते एका पुस्तिकेवरून कळतं. ट्यूबिंगन विद्यापीठातले वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक औटेनरीट यांनी १८१७ साली लाकडापासून भाकरी कशी करावी, याची रीतसर कृती छापली होती. भाकरी लाकडाची खावी लागत असेल, तिथे जरा आंबूस वास येतो म्हणून सॉसेज कोण टाकून देणार?

दोष कुणाचा?

याच औटेनरीट यांनी सॉसेजच्या विषबाधेचाही छडा लावायला घेतला होता. खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांकडून त्यांच्याकडे अहवाल येत. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: दोष गृहिणींच्या अज्ञानाचा. सॉसेज फुटू नये म्हणून त्या ते उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवत नाहीत, जेमतेम बुचकळून बाहेर काढतात.

हा निष्कर्ष वाचून आधी राग येतो आणि मग विचार करावासा वाटतो, कारण तो अर्धा बरोबर आहे.

सॉसेज फुटतं का? आतडं हे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं असतं. तापलं की ते आक्रसतं. त्याच वेळी आतली चरबी पातळ होऊन पसरते, पाण्याची वाफ व्हायला लागते. बाहेरचं कवच आवळतंय आणि आतला ऐवज फुगतोय, म्हटल्यावर कुठेतरी चीर पडणारच. आपल्याकडे सॉसेज फुटलं तर ताटात थोडं बेढब दिसतं, बस. त्या बाईचं फुटलं तर महिनाभराचं मांस पाण्यात विरघळून जायचं, आणि फाटलेलं सॉसेज धुरात टांगता येत नाही, साठवताही येत नाही. त्यामुळे ते लवकर बाहेर काढणं हे अज्ञान नव्हतं. डोळ्यांसमोरचं खात्रीचं नुकसान आणि कधीतरी होईल न होईल असा आजार, यातून तिनं केलेली ती निवड होती.

दुसरं असं की, तिनं ते तासभर खळखळून उकळलं असतं तरी प्रश्न संपला नसता. हे मात्र तेव्हा प्राध्यापकांनाही ठाऊक नव्हतं.

कवी डॉक्टर

औटेनरीट यांचा एक विद्यार्थी होता, युस्टिनुस केर्नर. जन्म १७८६ चा. जर्मन साहित्यात तो रोमँटिक कवी म्हणून ओळखला जातो. शूमान या संगीतकारानं त्याच्या कवितांना चाली दिल्या आहेत. विद्यार्थिदशेत औटेनरीट यांच्या रुग्णालयात दाखल झालेल्या हल्डरलिन या मोठ्या कवीच्या प्रकृतीची टिपणं ठेवण्याचं काम केर्नरकडे होतं. पुढे दृष्टी अधू झाल्यावर कागदावर सांडलेले शाईचे डाग घडी घालून तो त्यांची चित्रं करी आणि त्यावर ओळी लिही. पोटापाण्यासाठी मात्र तो खेड्यांतला सरकारी डॉक्टर होता, आणि १८१५ पासून त्याच्यापुढे सॉसेज खाऊन आजारी पडलेली माणसं येऊ लागली.

त्यानं काय केलं, ते माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला लगेच ओळखीचं वाटतं. आधी त्यानं नोंदी गोळा केल्या. १८१७ मध्ये पहिला लेख, १८२० मध्ये ७६ रुग्णांच्या नोंदींचं पुस्तक, १८२२ मध्ये १५५ रुग्णांचं. कुणी काय खाल्लं, किती वेळानं त्रास झाला, कोणत्या क्रमानं झाला, मेल्यानंतर शरीरात काय दिसलं. एवढे अहवाल शेजारी शेजारी ठेवल्यावर एक चित्र उमटलं. तोंड कोरडं पडतं. पापण्या मिटू लागतात, बाहुल्या मोठ्या होतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात. गिळता येत नाही, आवाज जातो. मग हातपाय आणि शेवटी श्वास. ताप नाही. आणि सगळ्यात भीषण म्हणजे शुद्ध शेवटपर्यंत शाबूत. माणूस स्वतःचं शरीर एकेक करून बंद पडताना पाहत असतो.

मग त्यानं विषारी सॉसेजमधून अर्क काढला. मांजरं, ससे, बेडूक, माश्या, गोगलगायी यांना तो दिला. शेवटी काही थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवले आणि टाळू व घसा कोरडा पडल्याची नोंद केली. बग पुन्हा घडवून पाहावा, हे आमच्या धंद्यात रोजचं आहे, पण तो स्वतःवर घडवून पाहण्याची वेळ आमच्यावर येत नाही.

या कामातून त्यानं काढलेले निष्कर्ष आजही टिकून आहेत. विष सॉसेजच्या आत, हवा नसलेल्या जागी तयार होतं. अत्यल्प मात्रेतही ते मारक असतं. आणि ते मज्जातंतूंवर परिणाम करतं. गंज चढलेल्या तारेतून वीज जात नाही, तसे या विषानं मज्जातंतूंतले संदेश थांबतात, अशी उपमा त्यानं दिली. विजेचा दिवाही निघालेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आज आपण म्हणतो की हे विष मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन बाहेर पडू देत नाही. तपशील वाढला, चित्र तेच राहिलं.

एका बाबतीत तो चुकला. विष चरबीत तयार होणारं एखादं आम्ल असावं, असं त्याला वाटलं. जंतू ही कल्पनाच अजून जन्माला यायची होती.

वाद्यवृंद आणि हॅम

ती जन्माला आल्यानंतरची गोष्ट बेल्जियममधली. १४ डिसेंबर १८९५ रोजी एलेझेल नावाच्या खेड्यात एका अंत्ययात्रेत वाजवायला गावचा वाद्यवृंद आला होता. वाजवून झाल्यावर ३४ वादक जेवायला बसले. जेवणात मिठात मुरवलेलं, न शिजवलेलं हॅम होतं. त्यातले तिघे मेले, बरेच जण मरता मरता वाचले. लक्षणं अगदी केर्नरनं लिहिली होती तीच.

रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली शिकलेले गेंट विद्यापीठातले एमिल व्हॅन एर्मेनगेम यांनी त्या हॅममधून आणि मृत वादकांच्या शरीरातून एक जंतू वेगळा केला. सॉसेजवरून आजाराला आधीच नाव पडलं होतं, त्यावरून जंतूचंही नाव 'बोट्युलिनस' ठेवलं. त्यांना आढळलेली एक गोष्ट मोलाची आहे. हे हॅम पिंपाच्या तळाशी, खारट पाण्यात बुडून पडलेलं होतं, तर त्याच डुकराचं वर राहिलेलं दुसरं हॅम निर्धोक निघालं. म्हणजे हवेबद्दलचं केर्नरचं म्हणणं खरं होतं. मीठ पुरेसं असेल तर हे विष तयार होत नाही आणि चांगलं तापवलं तर ते नष्ट होतं, हेही त्यांनी दाखवून दिलं.

आता गृहिणींचा खटला पुन्हा उघडता येतो. या जंतूची बीजाणू नावाची एक अवस्था असते. कडक कवचात तो झोपून राहतो. हे बीजाणू १०० अंशांवर तासनतास उकळूनही मरत नाहीत. त्यासाठी सुमारे १२१ अंश लागतात, म्हणजे प्रेशर कुकरच्या आतलं तापमान. १८१७ मधल्या साध्या पातेल्यात ते गाठताच येत नव्हतं. उलट उकळण्यानं सॉसेजमधली हवा निघून जाते, इतर जंतू मरतात आणि या एकट्याला मोकळं रान मिळतं. पुढे चुलीवरच्या उबेत कित्येक आठवडे. विष तयार व्हायला आणखी काय हवं?

पण बीजाणू चिवट असले तरी विष नाजूक आहे. आतपर्यंत ८५ अंशांवर पाच मिनिटं तापवलं तर ते निकामी होतं. तेव्हा साठवण्यापूर्वी किती उकळलं याइतकंच महत्त्वाचं होतं, ते खाण्यापूर्वी पुन्हा नीट शिजवलं का. हे कुणी त्या बायकांना सांगितलं नव्हतं. अहवाल लिहिणाऱ्यांनी सगळं बोट पहिल्या उकळीकडे दाखवलं.

मांसातल्या अळ्या आणि गुलाबी रंग

सॉसेजमध्ये दुसराही एक धोका होता. १८६० साली ड्रेस्डेनमध्ये झेंकर या डॉक्टरांनी विषमज्वरानं मेल्याचं समजल्या गेलेल्या एका तरुण मोलकरणीचं शवविच्छेदन केलं. तिच्या स्नायूंमध्ये ट्रिकिनेला नावाच्या सूक्ष्म अळ्यांचा बुजबुजाट होता. ती काम करत होती त्या घरी नाताळाच्या सुमारास मारलेल्या डुकराच्या हॅममध्ये आणि सॉसेजमध्येही त्याच अळ्या सापडल्या. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन गावात कच्च्या खिम्यातून याच अळ्यांनी शंभरावर माणसं मारली. प्रत्येक डुकराचं मांस सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, असा आग्रह रुडॉल्फ फिर्खो या शास्त्रज्ञानं लावून धरला. त्याच वर्षी बिस्मार्कनं फिर्खोला राजकीय भांडणातून द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं, ते त्यानं नाकारलं. पुढे यावर एक खमंग दंतकथा रचली गेली. फिर्खोनं म्हणे शस्त्र म्हणून दोन सॉसेजेस निवडली, एक चांगलं आणि एक अळ्यांनी भरलेलं, आणि बिस्मार्कला त्यातलं एक खायला सांगितलं. घडलं नसावं, पण त्या काळी सॉसेजची दहशत किती होती ते यावरून कळतं.

मांस साठवताना मिठाबरोबर सोरा घालायची पद्धत फार जुनी. त्यानं मांसाला गुलाबी रंग येतो. या सोऱ्याचं जंतूंमुळे नायट्राइट होतं, हे १८९१ मध्ये पोलेन्स्के या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं. नायट्राइट बोट्युलिझमच्या जंतूला वाढू देत नाही, म्हणून आजच्या बहुतेक पाकीटबंद सॉसेजमध्ये ते मोजून घातलेलं असतं. पण त्याचीही किंमत आहे. पोटात किंवा तव्यावर त्यापासून नायट्रोसमाइन नावाची घातक संयुगं होऊ शकतात. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. पहिला गट याचा अर्थ पुरावा पक्का, असा. तंबाखूइतकाच धोका, असा नव्हे. कधीमधी खाणाऱ्यानं घाबरू नये, पण रोजच्या नाश्त्याची सवय लावून घेऊ नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

गोव्याची तोड

हाच प्रश्न आपल्या शेजारी गोव्यात वेगळ्या वाटेनं सुटला. पोर्तुगिजांबरोबर आलेल्या शोरिसानं इथे रूप बदललं. डुकराच्या मांसाचे तुकडे मिठात मुरवायचे, त्यात लाल मिरची, आलं, लसूण, हळद, मिरी, लवंग, दालचिनी आणि भरपूर माडाचा विनेगर. मग आतड्यात भरून, दोऱ्यानं छोटे छोटे मणी पाडून उन्हात आणि धुरात वाळवायचं. हे सगळं पावसाळ्याआधी, चार महिन्यांची बेगमी म्हणून. आपल्याकडे त्याच उन्हात पापड-लोणची होतात, तसंच.

आता शास्त्राच्या चष्म्यातून बघा. विनेगरचं आम्ल, भरपूर मीठ, वाळवून पाणी काढून टाकणं, आणि मणी इतके लहान की ऊन-धूर मध्यापर्यंत पोचावा. बोट्युलिझमच्या जंतूला नकोशा असलेल्या या गोष्टी. शिवाय शोरिस कच्चं कुणी खात नाही. साल काढून, कांदा आणि थोडं पाणी घालून, चरबी सुटेपर्यंत शिजवतात. म्हणजे खाण्यापूर्वीचं तापवणं रितीतच आलं. हे कुणी प्रयोगशाळेत ठरवलेलं नाही, पण दमट हवेत मांस टिकवताना काय चालतं, ते पिढ्यान्‌पिढ्या हाताला कळत गेलं.

आपल्या तव्यावर

इतिहासातून आजच्या स्वयंपाकघरापुरतं काय घ्यायचं?

पहिलं, पाकिटावरचं वाचायचं. काही सॉसेजेस आधीच शिजवलेली असतात, काही कच्ची. कच्ची असतील तर डुकराच्या किंवा मटणाच्या सॉसेजचा मध्य ७१ अंशांपर्यंत आणि चिकनचा ७४ अंशांपर्यंत जायला हवा. गुलाबी रंग गेला की झालं, हा आडाखा इथे चालत नाही. नायट्राइटमुळे पूर्ण शिजलेलं सॉसेजही गुलाबी राहतं. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. तो टोकाकडून लांबीच्या दिशेनं मध्यापर्यंत खुपसायचा.

दुसरं, मोठ्या आचेवर सुरुवात करायची नाही. गोठलेलं सॉसेज रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यायचं. मग तव्यात अर्धा कप पाणी, झाकण, मंद आच, दहा-बारा मिनिटं. पाणी रटरटू द्यायचं नाही. यात कोलॅजेन एकदम आक्रसत नाही, मध्य शिजतो आणि सॉसेज फुटतही नाही. शेवटी झाकण काढून, पाणी आटल्यावर सुटलेल्या चरबीतच सोनेरी करायचं. काळं नाही. करपलेल्या मांसात कर्करोगाला पोषक संयुगं तयार होतात.

तिसरं, उरलेलं ओट्यावर विसरायचं नाही. दोन तासांच्या आत, आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यात तासाभरात, फ्रीजमध्ये. व्हॅक्युम पॅक म्हणजे टिकाऊ, असं समजून ते बाहेर ठेवणं फार घातक. हवा काढून टाकली म्हणजे आपण जंतूला पिंपाचा तळच दिला. घरी तेलात बुडवून ठेवलेल्या कच्च्या लसणाचंही तसंच. आणि काही खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर झोप काढून बघू म्हणायचं नाही, थेट इस्पितळ. आज प्रतिविष आहे, ते जितक्या लवकर मिळेल तितकं बरं.

१८२२ च्या पुस्तकाच्या शेवटी केर्नरनं एक वेडी वाटणारी कल्पना मांडली होती. हे विष मज्जातंतू शांत करतं, तर ज्या आजारांत मज्जातंतू अनावर होतात, त्यांत ते अगदी थोड्या मात्रेत औषध म्हणून का देऊ नये? दीडशेहून अधिक वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर ते वापरून दाखवलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. आठ्यांसाठीची मान्यता २००२ मधली, ती नंतरची गोष्ट.

त्या १५५ नोंदींमागे १५५ घरं होती, आणि जवळपास प्रत्येक घरात आपण काय चुकलो याचा विचार करत बसलेली एक बाई असणार. ती चुकली नव्हती. तिच्याकडे फुटणार नाही अशी मंद आच होती, पण आतलं तापमान सांगणारी सुई नव्हती, थंड कप्पा नव्हता आणि खाण्याआधी पुन्हा शिजव असं सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे तिन्ही आहेत.